अर्धा आटा

११ फेब्रुवारी १९९३, देवगाव फाटा

आणि मी पंपाच्या दुकानात कामाला आहे म्हणून काय जादूगार झालो का? दाजीचं तिसरं कार्ड आलं. अक्षर आक्काचं, बोलणं दाजीचं. "मेव्हण्याच्या हातात जगाचे पंप, अन् आमची जीप बैलगाडीच्या पुढं जाईना." आधीच्या दोन कार्डांतही हेच होतं. कार्डाचे पैसे पडतात, टोमणे फुकट.

जीपमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन बसवलेलं आहे हे घेताना माहीत नव्हतं का? मिनिटाला दोन हजार फेरे झाले की पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो. मग पाय दाबून उभे राहा नाहीतर नाचा, गाडी पन्नासच्या वर जात नाही. नांगराला तेवढं बास. राणीसावरगाव ते पालम माणसं वाहायला बास नाही. मागून तो पालमवाला चांगली जीप घेऊन निघतो, पुढं जातो, वाटेवरच्या गावांची माणसं आधीच उचलतो. आमच्या वाट्याला म्हाताऱ्या अन् कोंबड्या.

आबाची, माझ्या बापाची, साठ मेंढरं विकून ही जीप आली. हे मी विसरलो नाही. कोणी विसरू देतही नाही.

१४ फेब्रु.

दुकानाच्या उस्तादला सहज विचारल्यासारखं विचारलं, ट्रॅक्टरच्या पंपाचे फेरे वाढवले तर काय होतं? मान वर न करता म्हणाला, "किसकी गाडी? दाजीकी?" म्हणजे सहज काही जमलं नाही.

त्याचं म्हणणं, पंपाला काय, मागाल तेवढं देतो. पण खालचे रॉड, बेअरिंग दोन हजारासाठी घडवलेले. "हल जोतने की चीज है भानू. उसकू घोडी बनाताय क्या?"

वर आठवण करून दिली की दाजीच्या पंपाला सील त्याचंच आहे. त्याची ती रीत. पंप तपासायच्या बेंचवर लावून फेरे जुळवले की स्क्रूला तार ओवायची, शिशाची गोळी घालायची, अन् पकडीनं दाबायची. शिशावर चांद उमटतो. पण दाबायच्या आधी मालकाला समोर उभं करायचं, आकडा सांगायचा, अन् निकाह लावल्यासारखं तीनदा विचारायचं, कबूल? ट्रकवाले हसतात, पण म्हणतात. दाजीही म्हटला होता. दोन हजार कबूल, कबूल, कबूल. अन् वर, "उस्ताद, आता नवरी पळून गेली तर तुमाला धरीन."

नवरी पळतच नाही, हेच तर रडगाणं.

२० फेब्रु.

मुंबईकडचा एक ड्रायव्हर चहा पिता पिता सांगायलता. बाहेरदेशच्या मोटारीत म्हणे गव्हर्नर असला प्रकारच नाही. सीटखाली एक डबा, कॉम्प्युटर. त्याच्यातला आकडा बदलला की इंजिनाचे फेरे वाढले. ना पाना, ना सील.

उस्ताद म्हणाला, "और कबूल कौन बोलेंगा? डब्बा?" सगळे हसले. मीपण हसलो.

पण तो डबा डोक्यातून जाईना. पुण्याला तसली गाडी कधीतरी येणारच. पेटीत आठशेच्या वर साठलेत. हजार झाले की निघायचं. सातवी नापासाला तिथं कोण उभं करतं ते तिथं गेल्यावर बघू. इथं फाट्यावर चार दिशांना रस्ते जातात अन् मी मधोमध दुसऱ्यांचे पंप धुत बसलोय.

३ मार्च

आक्काचं पत्र. या वेळी बोलणंही तिचंच. आबा आता जीपवर माणसं बोलवायचं काम करतात. तीच मेंढरं बोलवायची हाळी देतात, अर्धं पालम वळून बघतं, अन् माणसं येतात म्हणे. हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून नाही. पालमवाला स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाला, "मेंढरं इकली म्हाताऱ्यानं, पर त्यांची चाल काई इकली न्हाई." लोक हसले. आबा खाली उतरून टायरकडं बघत उभे राहिले.

आक्का लिहिते, तुला जमत असेल तर कर बाबा काहीतरी.

सुट्टी मागितली. उस्ताद म्हणाला लग्नसराई तोंडावर, दारात नऊ पंप पडलेत, पाडव्यापर्यंत नाव काढू नको. जायला एक दिवस, यायला एक दिवस, मध्ये दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांसाठी सगळं अडून बसलंय.

८ मार्च, होळी

सुट्टी नाही ना, मग टपालानं. इनलँडवर पंपाचं चित्र काढलं. चांगलं आलं. स्क्रूला बाण दाखवला. खाली लिहिलं: सील तोडा. नट ढिला करा. स्क्रू अर्धा आटा मागं घ्या. नट आवळा.

अर्ध्या आट्याला बेंचवर दीडशे फेरे वाढतात. मी हजारदा बघितलंय. साडेएकवीसशे होतील, इंजिन तेवढं सोसतं. पालमवाल्याच्या पुढं नाही गेली तरी मागं तरी लागेल.

उस्तादला कळायचं कारण नाही. पत्र पेटीत टाकून आलो तर तो नमाजाला निघालेला. म्हणाला, "घरकू लिखा? अच्छा किया."

१६ मार्च

कार्ड. "इंजनेर साहेब! गाडी गायला लागली. परवा पालमवाल्याला स्टँडपासून गावापर्यंत मागं ठिवलं. त्याचं त्वांड बघायला तू पायजे हुता." खाली आक्कानं आपल्या मनानं लिहिलंय, हे रोज गाडी पुसतात आता.

दिवसभर शीळ घालत काम केलं. अर्ध्या आट्यात एवढा फरक कसा, हे मनात आलं होतं. आलं, अन् गेलं. जाऊ दिलं.

१९ मार्च

उस्तादनं सीलची पकड हातात दिली. "पाडवे से सील तू दाब." इतकी वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता. माझ्या खिळ्यावर टांगली. मी खाली बघितलं. त्याला वाटलं लाजलो.

२४ मार्च, पाडवा

गंगाखेडकडून आलेला ट्रकवाला पंप दाखवायला थांबला. मी तिकडचा कळल्यावर म्हणाला, "ती हिरव्या हुडाची जीप तुमची का? बापरे. सत्तरनं गेली राव माझ्या बाजूनं. सतरा-अठरा माणसं, दोन टपावर."

सत्तर.

त्याच्या बिलाच्या मागं हिशेब केला. दोन हजार फेऱ्यांना पन्नास. म्हणजे हजाराला पंचवीस. सत्तरला अठ्ठावीसशे. आठशे जास्त. अर्ध्या आट्याला दीडशे. म्हणजे पाचदा अर्धा आटा, वर थोडं.

पत्र जसंच्या तसं डोळ्यांपुढं आलं. अर्धा आटा लिहिलं. एकदाच, हे लिहिलं नाही. बेंचवर कोण लिहितं? अर्धा आटा दिला की समोर फेऱ्यांचा काटा हलतो, हात आपोआप थांबतो. दाजीपुढं कुठला काटा? त्याच्यापुढं फक्त पालमवाला. तो जवळ आला की दाजी देतो अर्धा आटा.

पहिलं सील दाबलं आज. चांद वाकडा उमटला. उस्ताद म्हणाला होतं असं पहिल्यांदा.

२५ मार्च

पालमला फोन लावायचा प्रयत्न केला, लाईन मिळाली नाही. सेलूला जाऊन तार केली. स्क्रू पाच अर्धे आटे पुढे घ्या. कारकून दोनदा वाचून म्हणाला, "ही कसली तार? लोक कुणी वारलं तर तार करतेत."

म्हटलं, अजून वारलं नाही, म्हणूनच करायलोय.

१ एप्रिल

दाजीचं कार्ड. तारेनं घरात रडारड झाली म्हणे, वाचायच्या आधीच. मग पुढं: "तुला पंपाचं कळतं, मला गिऱ्हाइकाचं. लग्नाच्या तिथी संपू दे, मग घेऊ पुढं. आता कुठं लोक आपल्या गाडीसाठी थांबायलेत. का तुला बघवंना?"

मला बघवंना! मीच सांगितलं, मीच शिकवलं, अन् मलाच.

कोपऱ्यात आक्काचं बारीक अक्षर: आबा गाडीत बसत नाहीत चार दिवसांपासून. हाळी देतात, माणसं बसवतात, अन् स्वतः पालमहून पायी निघतात. म्हणतात, धाप लागलेलं जनावर हाय, मी त्याच्यावर बसणार न्हाई. हे म्हणतात म्हातारा खुळा झाला.

आबाला आकडे येत नाहीत. शंभर किलोमीटरवर बसून मी बिलाच्या मागं जे मांडलं ते त्यांनी नुसतं कानानं ओळखलं.

३ एप्रिल

उस्तादला सांगितलं. सगळं, चित्रासकट.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पंप धुवायचं रॉकेल बदललं, हात पुसले, मग म्हणाला, "मुझे बोलता तो मै क्या बोलता?"

"नक्को बोलले असते."

"हौ. नक्को बोलता." फडकं टांगून, "इसलिए तू नै बोला."

माझ्या खिळ्यावरची पकड काढून आपल्या खिळ्यावर टांगली. परवा सोमवारी जा म्हणाला, तीन दिवस दिले. "अपने हाथ से पीछे लेके आ. हमारा चांद तोडा तुम लोगां ने."

५ एप्रिल

निघालोच नाही. पिशवी घेऊन फाट्यावर उभा होतो तर परभणीच्या यष्टीतून आबा उतरले. मला आधी वाटलं दुसरंच कोणी. आबा परभणीच्या पुढं कधी आलेले नाहीत. काखेत घोंगड्याचं गाठोडं, कोकरू धरतात तसं दोन्ही हातांनी धरलेलं.

"आबा, कसं काय?"

"हे घे. जपून. डिझेल गळतंय."

घोंगडं उघडलं. पंप.

कालची गोष्ट. दाजीच्या गाडीत वऱ्हाड होतं, मागं पालमवाला. चढावर दाजीनं गाडी दाबली, अन् इंजिनाचा रॉड बाजू फोडून बाहेर आला. कोणाला लागलं नाही. नवरदेवाच्या मामाचं धोतर तेवढं काळं झालं. अन् सगळं वऱ्हाड पालमवाल्याच्या जीपमध्ये बसून गेलं, हसत. आबा मागून पायी येत होते. रस्त्यावर आधी तेल दिसलं, मग जीप, मग तिला टेकून बसलेला दाजी.

"मी म्हणलं, यातलं जित्तं काय ऱ्हायलं? त्यो म्हणला, पंप तेवढा. म्हणलं, मग सोड. पोराकडं नेतो."

"दाजी काय म्हटले?"

"काय म्हणंल? सोडून दिला."

मला वाटलं आता बोलतील. तुझ्या पत्रानं झालं, तुझ्या चित्रानं झालं. म्हणाले, "तुझ्या इथं पाणी कुठं मिळतं?"

उस्तादनं त्यांना खुर्ची दिली, स्वतः डब्यावर बसला. पंप बेंचवर लावला. काटा सत्तावीसशे नव्वदवर गेला. उस्तादनं माझ्याकडं बघितलं नाही, मी त्याच्याकडं. मग त्यानं स्क्रू पुढं घेत घेत दोन हजारावर आणला, तार ओवली, अन् रीतीप्रमाणं आबांना, "दो हजार. कबूल?"

आबा म्हणाले, "मला आकडा कळत न्हाई, उस्ताद. धाप कळती. धाप न्हाई लागणार एवढं सांगा."

उस्तादनं उचललेली पकड खाली ठेवली. असं त्याला कोणी म्हटलं नसेल. मग माझ्याकडं वळला. "तू बोल."

कबूल. कबूल. तिसऱ्याच्या आधी आबांकडं बघितलं. तो थांबून राहिला. घाई केली नाही, सोडलंही नाही. म्हटलं शेवटी.

सील त्यानंच दाबलं.

७ एप्रिल

आबा सकाळच्या गाडीनं गेले. पंप घोंगड्यात. विचारलं, दाजी बोलतात का? "जेवतो. बोलंल." गंगाखेडला एका भंगारवाल्याकडं तसंच इंजिन पडलंय. आबा म्हणतात सौदा होईल, पण पैसे लागतील, अन् घरात आता विकायला मेंढरं नाहीत. हे त्यांनी तक्रारीनं म्हटलं नाही. पाऊस नाही म्हणतात तसं म्हटलं.

पुण्याचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. तरी यष्टीत चढताना म्हणाले, "उस्ताद चांगला माणूस हाय. त्याच्याजवळ ऱ्हा."

रागच आला. कोणावर आला तेही कळेना. राहू म्हणजे कुठपर्यंत? पकडीचं उस्तादला विचारलं. "देखेंगे." एवढंच.

१० एप्रिल

सेलूचं पोस्ट. कारकून तोच. ओळखलं त्यानं, फॉर्म पुढं सरकवला.

मनीऑर्डर आक्काच्या नावानं. दाजीच्या नावानं केली तर परत पाठवील, किंवा घेईल अन् "बघवत नव्हतं, म्हणून आता देतोय" म्हणेल. दोन्ही नको.

खालच्या जागेत दाजीला दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, खोडल्या. जागा संपत आली. मग एवढंच लिहिलं: गाडी चालू झाली की पहिल्यांदा आबांना बसवा. ते उतरले तर गाडी थांबवा. एकदाच नाही, दर वेळी.

पेटीत हजाराला पंधरा कमी होते. सगळेच काढले. कमिशन पगारातून.

रु. ९८५.