मायची सही

वर्धा, ५ नोव्हेंबर २०२४

ती. मायले मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

तुले फोनवर आयकू येत नाई, म्हणून पत्र लिहून राह्यली. दवाखान्यात रक्त तपासाचं काम ठीक चालू हाय. पण घरमालकाले खोली त्याच्या पोरासाठी पाहिजे, त्यानं खाली कराले सांगितलं. फारकतीनंतर किती खोल्या बदलल्या, आता मोजतही नाई. म्हणून वाटते, लहानसं का होईना, आपलं घर घ्यावं.

दोन बँकांत जाऊन आली. एकीत म्हणाले, नोकरी कंत्राटी हाय. दुसरीत म्हणाले, नवऱ्याची नाईतर बापाची सही आणा. दोघंही नाईत म्हटलं, तर साहेबानं कागद परत माह्याकडे सरकवले. मग दवाखान्यातल्या रोशनीनं किसनरावांचं नाव सांगितलं. ते कोण्या एका बँकेचे नाईत. आपले कागद पाहून कोणती बँक कर्ज देईन ते शोधून देतात. ते म्हणतात, मायची सही सोबत असली तर व्याज कमी लागन. येशीन काय एक दिवस?

तब्येतीले जपजो. लोभ हायच, तो ठेवजो.
तुह्यी मंजुषा

रोहणा, १२ नोव्हेंबर

चि. मंजुषाले अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. दलालाचं तोंड गोडच राह्यते, बाई. आर्वीचा अडत्या मले मावशी म्हणते अन् माह्ये वांगे पाडून मागते. तू तर लहानपणी फुटाणेवाल्यावरही भरोसा ठेवत होती. त्याले सरळ विचारजो, तुह्यं पोट कोण भरते म्हणून.

मी काई येत नाई. वांगे तोडणीले आले. अन् माह्यासारख्या म्हातारीची सही काय कामाची?

जेवणखाण वेळेवर करजो. जीव लावून असलेली,
माय

वर्धा, २५ नोव्हेंबर

ती. मायले शि. सा. न.

तू म्हटलं तसं विचारलं. किसनरावांना राग नाई आला. म्हणाले, कर्ज झालं की बँक मले पैसे देते, तुमच्याकडून काई घेत नाई. कोणती बँक त्याईले किती देते, तेही सांगितलं.

तू येत नाई म्हणून त्याईनं दुसरी बँक पाहिली. तिले कंत्राटी पगार चालते, सोबत कोणाची सही लागत नाई. व्याज मात्र जास्त हाय. थांबता आलं तर आईसाठी थांबा, असंही म्हणाले. पण मी म्हटलं, तुले तसदी नको. कर्ज मंजूर झालं. सेवाग्रामच्या वाटेवर दोन खोल्यांचं घर हाय, मागे थोडी मोकळी जागा.

आशीर्वाद असू दे.
मंजुषा

रोहणा, २ डिसेंबर

चि. मंजुषाले आशीर्वाद.

घर झालं, बरं वाटलं. माणूस खरा निघाला, मीच वाईट बोलली.

एक सांगू काय? मी आर्वीले जाऊन फोटो काढून आलती. आधार कार्डही पिशवीत ठेवलं होतं. वाटलं, तू आणखी एकदा बोलावशीन. लग्नाच्या पंगतीतही मी पह्यल्यांदा नाईच म्हणते, तुले तर माहीत हाय. आता सहीचं काम राह्यलं नाई. ठीक झालं. काढून ठेवलेलं लुगडं पेटीत टाकलं.

इथे दिवसभर कोणी बोलत नाई. बोललं तरी आयकू येत नाई. तुह्ये पत्र मात्र बराबर आयकू येतात.

सुखात राह्यजो.
माय

वर्धा, ९ डिसेंबर

ती. मायले शि. सा. न.

तुह्यं पत्र घेऊन किसनरावांकडे गेलती. मायचं नाव आता जोडता येईन काय, विचारलं. ते म्हणाले, कागद झाले, आता सारं पह्यल्यापासून करावं लागन. मग त्याईनं विचारलं, आई राहाले येणार हायेत काय? तवा ध्यानात आलं, मी तुले सहीलेच बोलावलं होतं.

काल चावी भेटली. मागच्या दारात बसून चहा पेली. शेजारच्या घरात कोणीतरी कोणाले तरी जेवाले हाका मारून राह्यलं होतं. मी आयकत बसली, अंधार पडला तरी दिवा लावला नाई.

या रविवारी सकाळच्या एसटीनं मी रोहण्याले येते. वांगे दोघी मिळून तोडू अन् सोबतच इकडे येऊ. तू नाई म्हणशीनच, म्हणून मी सोमवारची सुट्टीही घेतली हाय.

भेटीची वाट पाहणारी,
तुह्यी मंजुषा