ओवात्ता सहा आणि डावा पाय

प्रिय तुल्लिओ,

बहिणीचं पत्र आलंय म्हणून हसू नकोस, आणि फिओरेल्लाला मोठ्याने वाचूनही दाखवू नकोस. आधी एकट्याने वाच, मग बायकोला दे. फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तू म्हणालास, "काय गं, पळून पळून दमलीस ना शेवटी?" आणि मीही तुझ्याबरोबर हसत बसले. दुसऱ्यांदा तू कुठल्याशा छपरावर होतास, वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं, आणि हा माणूस एका हातात फोन धरून कौलांवर उभा आहे हे लक्षात आल्यावर माझ्याच तोंडून शब्द फुटेना. म्हणून लिहितेय. रविवारची दुपार आहे, मक्याची पोलेंता केली ती तशीच पातेल्यात थिजलीय, आणि मी घाबरलेय. बास, लिहून टाकलं एकदाचं. मोन्तेल्लो टेकडीच्या चढावर भल्याभल्यांना मागे टाकणारी तुझी बहीण घाबरलीय, आणि कशाला घाबरलीय, तर स्वतःच्या डाव्या पायाला.

माझं काम तुला कधी काम वाटलंच नाही. "कारखाना हिला पळायचे पैसे देतो आणि आम्ही उन्हात कौलं वाहतो," हे तू दर नाताळात सगळ्यांसमोर ऐकवतोस. पळणं त्यातलं सोपं असतं रे. पळून आल्यावर जे सांगावं लागतं ते अवघड. आमच्या बुटांच्या कारखान्यात ओवात्ताचा, म्हणजे 'कापूस' नावाच्या त्या पळायच्या बुटाचा, नवा नंबर, पुढची सुधारलेली आवृत्ती, निघाली की दोन्ही नंबरांचे बूट काळ्या रंगाने फवारतात, म्हणजे कुठला जुना नि कुठला नवा ते डोळ्याला कळू नये. मग एका पायात एक नंबर, दुसऱ्या पायात दुसरा. तसंच मोन्तेल्लोवरच्या सातव्या गल्लीने वर जायचं, जंगलातून वळून डांबरी रस्त्याने खाली यायचं, नंबरांची पायांत अदलाबदल करायची, आणि पुन्हा तोच फेरा. लोक आमचे ते काळे फासलेले बूट बघून म्हणतात, या बायकांना घरात आरसा नाही का. खाली आलं की लोरिस, आमचा बूट आखणारा, पेन्सिल कानावर खोचून विचारतो, "हं नीवेस, तुझं मत नकोय मला. तुझ्या पायाचं सांग." आणि माझा पाय सांगायचा. टाचेखालच्या गादीत केसभर फरक केला तरी सांगायचा. लोरिस नव्या पोरांना म्हणायचा, बाईशी वाद घाला, पायाशी घालू नका.

पहिला ओवात्ता निघाला तेव्हा नाव कापसाचं आणि बूट विटेचा, असली गत होती. दुसरा मऊ केला, तर महिनाभरात त्याची टाच आतल्या बाजूला बसायला लागली. तिसरा मात्र जमला. काय बूट होता तो! पायात आहे हेच विसरायला व्हायचं, आणि तरी खालचा प्रत्येक खडा ओळखू यायचा. तो तसाच ठेवा म्हणून मी लोरिसच्या मागे हात धुऊन लागले होते. पण विकणाऱ्यांना नवं वर्ष आलं की नवा नंबर लागतो. म्हणून चौथा आला, हा एवढा जाड तळ, गादीवर उभं राहिल्यासारखा. मी सांगितलं, डावा डगमगतोय, फार मऊ झालाय. त्यांनी पाचव्यात फोम घट्ट केला. मी तरी म्हटलं, डावा अजून मऊच आहे. जिआदा, माझ्याबरोबर पळते ती पोरगी, म्हणाली, "मऊ? नीवेस, माझ्या नडग्या ठणकतायत. चौथाच बरा होता." मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बूट झिजवतेय मी. बिचारी पुन्हा नाड्या बांधायला लागली. बाकीच्यांनीही माझंच ऐकलं, कारण आमच्या कारखान्यात पायाशी वाद घालत नाहीत.

सहावा सप्टेंबरात आला. डाव्या पायात एक, उजव्यात दुसरा, गेले, आले, म्हटलं डावा मऊ. बूट बदलले, पुन्हा गेले, आले, म्हटलं डावा मऊ. लोरिसने माझ्याकडे बघितलं. "अगं, बदललेस ना? की गप्पांच्या नादात तेच घालून गेलीस?" मी चिडले. त्याने स्वतः गुडघ्यावर बसून माझ्या पायात बूट घातले, लहान मुलाला घालतात तसे, आणि नाड्या बांधल्या. मी तिसऱ्यांदा गेले. आले. डावाच मऊ होता, तुल्लिओ. तेव्हा तो आत गेला, दोन्ही काळे बूट करवतीवर उभे चिरले आणि अर्धी अर्धी शकलं माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आत छापलेला नंबर दोन्हींवर सहाच होता. शेवटच्या फेरीला त्याने मला दोन्ही पायांत एकाच नंबराचे बूट घातले होते. हसायलाच हवं होतं आम्ही, असल्या खोड्या आम्ही एकमेकांच्या नेहमी काढतो. पण कोणी हसलं नाही. लोरिसने माझा जुना डावा बूट उलटा करून दाखवला. पुढचं टोक घासून पांढरं पडलं होतं. "हे कधीपासून?" त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं. पाऊल उचलताना माझा चवडा खाली लोंबतो आणि रस्त्याला घासतो, हे मला माझ्या बुटाने सांगितलं. पायाने सांगितलं नाही.

घरी येऊन डावा मोजा काढला तर त्याला रक्त. शेवटच्या फेरीच्या बुटात एक छोटा स्क्रू पडला होता, आमच्याच यंत्राचा असावा, आणि तो मोज्यातून टाचेत रुतून बसला होता. त्याच्यावर मी चढ चढून आले होते, खडीवरून, डांबरावरून, आणि मला जरासुद्धा लागलं नव्हतं. मी न्हाणीघरात खाली बसले आणि तो स्क्रू हातात धरून वेड्यासारखी रडले. दुखलं म्हणून माणूस रडतं हे माहीत होतं. दुखलं नाही म्हणून रडायची पाळी माझ्यावर आली. त्या दिवसापासून घरात चालतानासुद्धा मी खाली बघते. अंघोळीचं पाणी आधी हाताने बघते. रस्ता ओलांडताना कोणाचा तरी दंड धरते. सकाळी उठल्यावर पाय जमिनीला टेकवायच्या आधी मी डोळे मिटून विचारते, आहेस ना रे बाबा? पाय गप्प बसतो.

आणि मग मला आपले पप्पा दिसायला लागले. कसे चालायचे ते आठवतं ना? पाऊल टाकलं की फटकन आवाज, जसं कोणी ओलं फडकं आपटतंय. आपण त्यांच्यामागून तसेच फटक फटक चालायचो आणि आई आपल्याला लाटण्याने मारायला धावायची. चौकातल्या बारमध्ये ते शिरले की सगळे ओरडायचे, "ओलिंदो, आज घरूनच पिऊन आलास वाटतं!" पप्पा हसायचे. बूट शिवणारा माणूस, पायात काही बिघडलं की दोष बुटाला देणार, दुसरं त्यांना सुचणार काय? दर हिवाळ्यात स्वतःसाठी नवा जोड शिवायचे. एका वर्षी घोट्याच्या वर गेला, पुढच्या वर्षी तळ जाड केला, मग टाचेत लोखंडी पट्टी घातली, मग पोटरीपर्यंत नाड्या. दर वेळी म्हणायचे, आता जमलाय. गावातले सगळे तो बूट हातात घेऊन, वाकवून, शिवण तपासून सल्ले द्यायचे, चामडं बदल, साचा बदल. आख्ख्या गावात प्रत्येकजण बुटांच्या धंद्यातला, आणि एकालाही वाटलं नाही की त्या माणसाला म्हणावं, ओलिंदो, जरा मोजा काढ, पाय बघू. मग ते तळघराच्या जिन्यावरून पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. हातात वाइनची बाटली होती, म्हणून सगळ्यांनी मान हलवली. आईसुद्धा कित्येक वर्षं शरमेने त्या जिन्याचं नाव काढत नव्हती. तुल्लिओ, त्या बाटलीचं बूच तसंच होतं. मी स्वतः उचलली होती ती. पाहुणे आले होते आणि ते त्यांच्यासाठी बाटली आणायला गेले होते, एवढंच.

गुरुवारी मी त्रेव्हीझोला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून माझ्या अंगठ्यावर टेकवला आणि म्हणाल्या, थरथर थांबली की सांगा. मी म्हटलं, बाई, अजून सुरूच झाली नाही. त्यांनी उजव्यालाही लावून बघितला आणि म्हणाल्या, हाही त्याच वाटेवर आहे, डावा जरा पुढे गेलाय. मग सुया, विजेचे झटके, काय काय. शेवटी माझी पावलं हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. आपल्या पावलांची ती उंच कमान, जिचं आजीपासून सगळ्यांना केवढं कौतुक! त्यांनी विचारलं, घरात अशी पावलं आणखी कोणाची आहेत? आणि मी मूर्ख, मान ताठ करून म्हणाले, सगळ्यांचीच, आमच्या घराण्याची खूणच आहे ती, पप्पांची, माझी, माझ्या भावाची. भावाची म्हणता म्हणता माझी मान खाली आली. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. रक्ताचा अहवाल यायचाय, पण त्यांना फारशी शंका नाही. हा आजार आईकडून किंवा बापाकडून मुलांत उतरतो, प्रत्येक मुलाला येण्याची आणि न येण्याची शक्यता अर्धी अर्धी. जीव घेत नाही. हळूहळू पायांचं आणि डोक्याचं बोलणं बंद पाडतो, बास. औषध नाही, पण पट्ट्या आहेत, व्यायाम आहेत, आणि आधी कळलं तर माणूस पडायच्या आत सावध होतो. मी विचारलं, पळायचं? त्या म्हणाल्या, चाला. लोरिसला मी अजून सांगितलेलं नाही. ज्या बाईचा पाय कारखान्यात पंच होता, तिचा पायच बहिरा झाला, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? पण खरं सांगते, गुरुवारपासून मला झोप नाही ती पळणं सुटलं म्हणून नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मृतांच्या सणाला, पप्पांच्या कबरीवर शेवंती ठेवून आपण तुझ्याकडे जेवायला बसलो होतो, तेव्हा फिओरेल्ला तुझे कामाचे बूट घेऊन आली. म्हणाली, "वर्षातला तिसरा जोड, नीवेस. आणि आता म्हणतो हाही टाकायचा. याला म्हणे पायाखालचं कौल कळत नाही." तू तोंडात घास घेऊनच म्हणालास, "हल्ली बूटच भिकार काढतात, तळ असा की कापसावर चालल्यासारखं वाटतं. तुझाच धंदा आहे, तूच सांग." मी तो बूट घेतला, वाकवून बघितला, आत हात घालून बघितला. पातळ, घट्ट, उत्तम तळ होता. त्या बुटात काहीही वाईट नाही, तुल्लिओ. म्हणून मी हे पत्र लिहिलंय. तू पडलास तर लोक तुझ्याबद्दलही काहीतरी म्हणतील, आणि मला ते ऐकायचं नाही. येत्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे तुझी वेळ घेतलीय, मी बरोबर येते, सुया टोचतील तेव्हा हवं तर माझा हात धर, मीही धरीन. पण गुरुवार लांब आहे आणि उद्या तू कौलं बदलायला चर्चच्या मनोऱ्यावर चढणार आहेस. हे पत्र आज मी स्वतः तुझ्या पेटीत टाकून जाईन. दार वाजवणार नाही, कारण तू थट्टा सुरू केलीस की मी पुन्हा हसून परत येईन. उद्या सकाळी तुझ्याआधी मी चर्चपाशी असेन आणि तुझ्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसेन. ओरड, शिव्या दे, पाद्रीबाबांना बोलाव, सगळं गाव हसायला गोळा कर. तू बूट काढून मला तुझे पाय दाखवल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

तुझीच,
घाबरलेली आणि हट्टी
नीवेस