शॉट तुझा, पास माझा

नोवा हालिच, सस्कॅचेवान
९ मार्च १९७४

प्रिय ओरेस्ट,

कसा आहेस? हॅमिल्टनला थंडी कमी झाली का? इथे अजून हटायचं नाव नाही. आईचा गुडघा धरलाय, तरी परवा चर्चसाठी बटाट्याचं सारण भरून दोनशे पेरोही वळल्या. तुझ्या नावाच्या दहा बाजूला काढल्या आणि शेवटी मलाच खायला घातल्या.

बाबांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, त्यावर मी काही बोलणार नाही. येत्या तेवीस तारखेला चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आहे. तेवढं कळवायला हे पत्र.

खोटं कशाला लिहू? फक्त तेवढ्यासाठी नाही.

मी आता रिंकवर लहान मुलांच्या आइस हॉकी संघाला बचाव शिकवतो. बाबा आपले कोच असताना शिकवायचे, तोच धडा बुधवारी घेतला. समोरून दोघे आले आणि बचावाला तुम्ही एकटेच असलात, तर शॉट गोलकीपरचा, पास तुमचा. चकतीवाल्यावर धावायचं नाही, दुसऱ्याची वाट अडवायची. गोलकीपर जाळं सोडून पुढे येतो तो तुमच्या भरवशावर. एक पोरगी म्हणाली, "आणि आपणच धावलो तर?" मी शिट्टी वाजवून सराव संपवला.

त्रेसष्टची फायनल. बरोबरी, शेवटचं मिनिट. समोरून दोघे, बचावाला मी एकटा. तू जाळं सोडून पुढे आलास, जिथे यायला हवं होतं तिथेच. आणि मी चकतीवाल्यावर धावलो. मला हिरो व्हायचं होतं. पास माझ्या मागून गेला आणि तुझ्यामागे जाळं सताड उघडं. गोल झाला, आपण हरलो. गावाला एवढंच दिसलं, की गोलकीपर जागेवर नव्हता.

"काय ओरेस्ट, हवा खायला गेला होतास का?" स्टेफान न्हावी तुला विचारायचा. शेजारच्या खुर्चीत बसून मीही हसलो होतो. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. उन्हाळ्यात निघून गेलास.

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. डोळे न उघडता म्हणाले, "मेट्रो, मी बाकावरच होतो ना. आंधळा होतो का? तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो. अकरा वर्षं लावलीस, गाढवा." मग म्हणाले, "ओरेस्टला सांग, तो बरोबर जागी होता."

मला त्यांचा रागही आला. माझ्यासाठी थांबले, ठीक आहे. पण तुला तरी सांगायचं होतं. तू समजत राहिलास, की बाबाही तुलाच दोष देतात. म्हणूनच आला नाहीस ना?

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये उभा राहून मी सगळ्यांना सांगितलं. स्टेफान टोपी घेऊन बाहेर गेला. आई म्हणाली, "मला कशाला सांगतोस? त्याला लिही."

म्हणून लिहितोय. माझ्यासाठी येऊ नकोस. बाबांचा निरोप मी पत्राने पोचवला, पण तो त्यांच्या कबरीपाशी उभं राहून ऐकायचा हक्क तुझा आहे. जमीन अजून गोठलेली आहे, उन्हाळ्यापर्यंत कबरीवर नीट माती घालता येणार नाही.

जागा सोडून धावलेला,
तुझा मोठा भाऊ
मेट्रो