दीर्घ खू

४ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ. तुझ्या वहिनीचा खोकला थांबला, भट्टीचा पंखा मात्र खोकायला लागलाय. बाकी क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

काल तुमच्या सुपरमार्केटात गेलो होतो. आपल्या बिस्किटांशेजारी, नेमकी डोळ्यांच्या उंचीवर, तुमच्या दुकानाच्या स्वतःच्या नावाची बिस्किटं! तोच पिवळा पुडा, तीच तिरकी लाल पट्टी, किंमत कमी. माझ्यादेखत एका बाईंनी आपला समजून तो उचलला. तुमच्या साहेबांनी त्यांच्या नावानं माल बनवून मागितला आणि मी नाही म्हटलं, तेव्हाच कुठंतरी पाणी मुरत होतं.

रंग कोणीही उचलेल. पण वडिलांनी पहिल्या पुड्यावर 'खुसखुशीत'मधला दुसरा खु दीर्घ काढला आणि हट्टानं तसाच ठेवला. तुमच्या पुड्यावरही 'खुसखूशीत'च आहे. तिथे पुड्यांची चित्रं तूच काढतेस. घरचा भेदी म्हणतात तो हाच का? वहिनी म्हणते, आधी विचारा. म्हणून विचारतो: हे तूच केलंस ना?

लोभ शिल्लक आहे का, ते कळव.
दादा

२२ जून

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि. हो, मीच केलं. हातात चहा असेल तर कप खाली ठेव. तुझं पत्र वाचून आधी रडले, मग रागावले, म्हणून उत्तराला उशीर.

साहेबांनी तुझा पुडा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, असाच हवा, पण हाच नको. गिऱ्हाइकाचा हात सवयीनं जायला पाहिजे. मी नाही म्हटलं असतं तर शेजारच्या टेबलावरच्यानं केला असता, तोही शुद्ध लिहून. मग वकिलापुढे काय दाखवणार होतास? मुद्रितशोधकानं खू ऱ्हस्व केला, मी गुपचूप पुन्हा बिघडवला. सारखा रंग दोघांना सुचू शकतो दादा, सारखी चूक सुचत नाही.

दोन्ही पुडे घेऊन वकिलाकडे जा. कोणी काढला विचारलं तर माझं नाव सांग. नोकरी जाईल, जाऊ दे. पण 'भेदी' हा शब्द फार लागला. लहानपणी साबण झिजला तरी तू माझ्याकडेच बघायचास!

लोभ पूर्वीचाच आहे, भेसळ नाही.
तुझी चिमणी

९ जुलै

चि. चिमणीस,
अ. उ. आ. आणि कान धरून माफी. उत्तर येईना, तेव्हा तू फितूर झालीस असंच मी धरून चाललो. तुमच्यात नि आपल्यात फरक दिसावा म्हणून खू ऱ्हस्व करून नवे पुडे छापले आणि सगळा माल त्यातच बाजारात पाठवला. घरात एकटी वहिनी नको म्हणत होती.

जुने पुडे कपाटात आहेत. वकील म्हणतो, दावा उभा राहील, पण तुझं नाव लागेल. मी अजून दिलेलं नाही. आधी तू इकडे ये, मग बोलू.

काल कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आपली खोकी परत पाठवली. गिऱ्हाइकं हात लावत नाहीत म्हणाला. त्यांचं म्हणणं, हा माल नकली आहे, खऱ्या पुड्यावर खू दीर्घ असतो. आणि खरा पुडा घ्यायला ती तुमच्या सुपरमार्केटात जातात.

माझ्यावर हवं तेवढं रागव, पण लोभ ठेव.
तुझा दादा