म्हातारा सापडला

तीर्थस्वरूप कुन्नेयताईस,

धाकट्या एर्चिमचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? जबडा दुखत नाही ना? (माझ्याशी न बोलण्यासाठी महिनाभर आवळून धरला आहेस, म्हणून विचारलं.) पहिलं बर्फ पडायच्या आत बाबांच्या घरातली चूल पेटली पाहिजे, असं तू म्हणाली होतीस. काळजी करू नकोस, मी पेटवली आहे.

वायरलेसवर जे झालं त्याचा खुलासा करतो. याना नदीच्या काठी गोठलेल्या जमिनीतून मॅमथचे सुळे काढताना त्यांचं नाव घ्यायचं नसतं. जमिनीने ऐकलं तर ती परत गिळते. म्हणून सुळ्याला 'म्हातारा' म्हणायचं, हे आम्हा खणणाऱ्यांना बाबांनीच शिकवलं. (ते गेल्यावर शब्द बदलायला हवा होता. सुचलं नाही.) तर त्या दिवशी पंपाच्या पाण्याने कडा धुताना माणसाएवढा सुळा दिसला, आणि आपला चुलतभाऊ मिचिल तुला कळवायला धावला. म्हातारा सापडला, एवढं सांगून थांबला असता तर बरं होतं. पण कोणता म्हातारा, असं तू विचारलंस.

"आपलाच की, ताई. अख्खा आहे. एका टोकाला थोडा कुजलाय, पण गिऱ्हाईक मिळेल."

तू गप्प झालीस. त्याला वाटलं, तुला काळजी लागली. म्हणून त्याने धीर दिला की उद्या दोर बांधून सावकाश ओढू, नाहीतर मागच्यासारखे दोन तुकडे होतात. त्यानंतर तू जे बोललीस ते इथे लिहीत नाही. बाबांची कबर जागेवर आहे का बघायला तू भावोजींना बंदूक देऊन पाठवलंस म्हणे. (बंदूक कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नाही.)

तुझं रडणं मला ऐकवेना. मिचिलच्या हातून वायरलेस घेऊन मी ओरडलो, "अगं, सुळा! सुळा सापडलाय!"

व्हायचं तेच झालं. आम्ही चहा ओतून घेईपर्यंत अख्खा कडा सुळ्यासकट नदीत गेला. आता मिचिलही माझ्याशी बोलत नाही. एका तंबूत हे अवघड जातं. मीठ हवं असलं की तो किटलीला सांगतो.

भावोजींना नमस्कार. बंदूक जागेवर ठेवली असेल.

तुझा,
एर्चिम

ता. क. जमिनीचा राग जावा म्हणून लोणी लावलेली दोन घावनं तिला वाहिली. तिसरं मिचिलने न बोलता खाल्लं. जमिनीचं अजून कळत नाही.

ता. क. चुलीचं वर लिहिलं ते खरं नाही. दार उघडलं होतं. आत उंबऱ्याशीच बाबांचे बूट आहेत, बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेले. ओलांडवेनात. तू ये. बोलली नाहीस तरी चालेल.