सरांनी मान डोलावली

४ जानेवारी, रविवार
कल्पना सुचली. सकाळी सव्वाआठला, दाढी करताना. पुढेमागे तारखेवरून घोळ नको, म्हणून ही वही. माझ्यापुरती. कुणाला दाखवायची नाही.

प्रश्न तोच, एकोणतीस वर्षं सोबत असलेला. अवकाशातली कुठलीही वक्ररेषा घ्या. दोनच पृष्ठभाग एकमेकांना छेदून ती मिळते का? तीन घेतले तर मिळते, हे जगाला ठाऊक आहे. दोनांचं कुणालाच ठाऊक नाही. हिला सांगितलं. ही शाळेत भूगोल शिकवते. म्हणाली, मग तीन घ्या ना, अडलंय कुठे.

संकल्प: रोज चार तास फक्त कम्युटेटिव्ह अल्जिब्रा, हा प्रश्न ज्या गणितात बसतो ते. कमिट्या बंद. डिपार्टमेंटच्या हेडवर चिडायचं नाही. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे, यात त्याचा काही दोष नाही.

९ जानेवारी
चार तास सोमवारपासून. हा आठवडा तयारीत गेला. टेबल खिडकीकडे फिरवलं. उजेड डोळ्यांवर येतो. परत भिंतीकडे फिरवलं. पाठ धरली.

२७ जानेवारी
हेडने केबिनमध्ये बोलावलं. पहिल्या वर्षाचे तास घ्याल का म्हणाला, मुलं तुमचं नाव काढतात. मी ओळखलं. मोठ्या कामातून मला बाजूला काढायचा हा डाव. नाही म्हणालो. चिडलो नाही. दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्यामुळे.

१७ फेब्रुवारी
सिद्धता पूर्ण. चौदा पानं. माझ्याच हातानं फेअर केली. पहिले तीन लेमा, म्हणजे वाटेतल्या पायऱ्या, किरकोळ. खरी जादू लेमा चारमध्ये. त्याची सिद्धता एका ओळीची: ‘हे उघड आहे.’ सौंदर्य म्हणतात ते हेच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
पाच वाजता सरांकडे गेलो. माझी पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली झाली. आता ब्याऐंशीचे आहेत. मुलीकडे असतात. हल्ली थोडं विसरतात, पण ते नावं, तारखा वगैरे. अल्जिब्रा विसरत नाही माणूस.

तासभर वाचून दाखवलं. सर डोळे मिटून ऐकत होते. मधूनमधून मान डोलवायचे आणि म्हणायचे, “हं. पुढे.” पूर्वी पटलं की असंच म्हणायचे, आणि नाही पटलं तर खडू खाली ठेवायचे. लेमा चारला मुद्दाम थांबलो. विचारलं, सर, उघड आहे ना? सर म्हणाले, “हं. पुढे.”

घरी चालत आलो. तीन स्टॉप.

१२ मार्च, गुरुवार
चौथा गुरुवार. चौदाच्या चौदा पानं सरांना पटली आहेत. कुठेही हरकत नाही. सरांची मुलगी, ताई, चहा देताना म्हणाली, तुम्ही आलात की बाबा शांत असतात, मलाही तासभर आडवं होता येतं. मी म्हटलं, गणितात गुंतला की माणूस शांत होतोच.

१६ मार्च
हेड म्हणाला, पाठवण्याआधी लेमा चार एकदा मला पाहू द्या. बिचारा. शेजारी काहीतरी घडतंय आणि आपण त्यात नाही, हे जड जात असणार. म्हटलं, सरांनी पाहिलंय. पेपर आजच जर्नलला पाठवला.

११ जून, गुरुवार
जर्नलकडून उत्तर नाही. चांगलं लक्षण. वाईट पेपर आठवड्यात परत येतो.

सरांकडे असताना विजेच्या मीटरचा माणूस आला. त्यानं दारातून मोठ्यानं आकडा वाचला. सरांनी डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाले, “हं. पुढे.” माणूस हसला. ताईही हसली, मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. म्हणाली, गेलं वर्षभर हे असंच चाललंय. मी वाणसामानाची यादी वाचते तेव्हाही.

त्याचा इथे संबंध नाही. माणूस यादीला एका अर्थानं हो म्हणतो, लेमाला दुसऱ्या.

३ ऑगस्ट
उत्तर आलं. रिपोर्ट तीन ओळींचा. ‘लेमा चार म्हणजेच मूळ प्रश्न. लेखकानं जे सिद्ध करायचं तेच उघड म्हणून गृहीत धरलं आहे. बाकीची पानं बरोबर आहेत.’

घाईत वाचलेलं दिसतंय. उद्या उत्तर लिहायचं. कडक.

४ ऑगस्ट
उत्तर लिहायला बसलो. लेमा चार नीट मांडायला घेतला. सकाळी नऊ ते दुपारी तीन. सहा तास.

रिपोर्ट बरोबर आहे.

खरं तर मार्चमध्येच एकदा शंका आली होती. तेव्हा सरांची मान आठवली आणि पेन बंद केलं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

५ ऑगस्ट
संकल्प नाही.

हिला सांगितलं. ही वह्या तपासत होती, लाल पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, आता गुरुवारी सरांकडे जायचं बंद, वाचायला काही उरलं नाही. ही माझ्याकडे पाहून म्हणाली,

“मला वाटत होतं, तुम्ही सरांसाठी जाता.”

तिनं पुन्हा वही ओढली. त्या पोराचे सगळे देश चुकले होते बहुतेक, फार वेळ त्याच पानावर होती.

१३ ऑगस्ट, गुरुवार
मागचा गुरुवार चुकवला. आज गेलो. पानं नेली नाहीत.

ताई आत गेली पडायला. सरांच्या चष्म्याची काडी लोंबत होती, स्क्रू सैल झाला होता. त्यांच्या टेबलावर छोटा स्क्रूड्रायव्हर सापडला. चष्मा काढून घेतला आणि समोर बसून पिळायला लागलो. चष्म्याशिवाय सरांना समोरचं काही दिसत नाही. त्यांनी मला दुकानातला माणूस समजलं असावं. अहोजाहो करून विचारलं, किती वेळ लागेल. म्हटलं, पाचेक मिनिटं.

मग आपणहून बोलायला लागले. किती महिन्यांनी सलग वाक्यं. म्हणाले, मी गणित शिकवायचो. माझा एक विद्यार्थी होता. रोज यायचा, सुट्टीतसुद्धा. घरचं माणूस असल्यासारखा.

मी विचारलं, हुशार होता?

सर थांबले. पूर्वी शब्द जुळवायला थांबत तसे.

“मेहनती होता. अक्षर सुरेख. पण ते जे लागतं ना, ते नव्हतं त्याच्यात. मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.”

स्क्रू हातातून पडला. गालिच्यावर शोधत बसलो. सापडल्यावर खालूनच विचारलं, मग त्याला सांगितलं का नाही?

“सांगितलं असतं तर यायचा थांबला असता.”

एवढं म्हणून हात पुढे केला. चष्मा दिला नाही. काच पुसत बसलो, दोन्ही बाजूंनी. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी चोवीस वर्षांचा होतो.

“तुम्ही ओळखता का त्याला?” सरांनी विचारलं.

म्हटलं, थोडंफार.

“भेटला तर म्हणावं, बऱ्याच दिवसांत आला नाहीस. ये म्हणावं.”

सांगतो म्हटलं. आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवायच्या आधी उठून दारापाशी गेलो, ताईला हाक मारली, तिच्या हातात दिला.