सरदाराचा कान

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून लढा. सूनबाईने चहाबरोबर फर्मान काढले: येत्या रविवारपर्यंत सरदाराचे ऑपरेशन, नाहीतर बोका तिच्या भावाच्या गोदामात. समोरच्या शिंपीणबाईंच्या मनीला पुन्हा चार पिल्ले झाली, तर बोट आमच्याकडे! निसर्गाच्या कामात कात्री घालणारे आपण कोण, असे ठणकावले. (मनात. मोठ्याने 'बघू' म्हणालो.)
आमची ही गेल्यावर तीन महिन्यांनी सरदार आपणहून आला आणि थेट हिच्या खुर्चीत बसला. त्याला मी गोदामात जाऊ देईन?

४ फेब्रुवारी
सरदाराच्या डाव्या कानाचे टोक उडालेले आहे. प्रेमात झालेल्या लढाईची खूण! आठवीत गुरुजींनी वीररस शिकवताना टेबलावर अशी मूठ आपटली, की दौत सांडली. तो कान पाहिला की तीच मूठ आठवते. पोवाडा रचायला घेतला आहे:
कान दिला पण मान न दिली, सरदार माझा रणगाजी...
पुढची ओळ उद्या. 'गाजी'ला 'भाजी'खेरीज यमक सुचेना.

५ फेब्रुवारी
शिंपीणबाईंना समजावायला गेलो. मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, आजोबा, ही मनीची चौथी खेप. मागच्या पाचातली दोनच जगली, तुम्ही कुठं होता तेव्हा? तुमच्या बोक्याचं स्वातंत्र्य तुम्हीच सांभाळा की. मी बाणेदारपणे म्हणालो, सांभाळीन!
त्यांनी लगेच खोके हातात दिले. पिल्ले दूध सुटलेली आहेत म्हणे.

६ फेब्रुवारी
योजना पक्की. चार पिल्ले, चार घरे, दोन दिवस. पोस्टमन म्हणाला, घरी कुत्रा आहे. न्हावी नुसताच हसला. जुन्या वर्गमित्राला फोन केला. पिल्लू म्हटले की त्याला ऐकू येईना. गुडघा कसा आहे विचारल्यावर मात्र वीस मिनिटे बोलला.
पोवाडा: प्रगती नाही.

८ फेब्रुवारी
एक पिल्लू बुटात झोपते. दुसऱ्याने कवितांची वही भिजवली, पाण्याने नव्हे. सरदार चौघांवर फिस्कारतो. बापाने कडकच असावे.
सूनबाईने कॅलेंडरवर रविवारला गोल केला. लक्षण ठीक नाही.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९
सरदाराला घेऊन दवाखान्यात निघालो आहे. ऑपरेशनला नव्हे! डॉक्टरीणबाईंना चार खडे बोल सुनवायला. सूनबाई सोबत येते आहे. येऊ दे. तिच्याही कानावर पडतील.

त्याच दिवशी, दुपारी
भाषण उत्तम झाले. 'मूक जिवांची वंशवेल' इथपर्यंत पोचलो होतो. डॉक्टरीणबाईंनी सरदाराचा कान दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, आजोबा, याचं ऑपरेशन केव्हाच झालंय. रस्त्यावरच्या मांजराचं केलं, की खूण म्हणून कानाचं टोक कापतात. किमान दोन वर्षं झाली असतील.
मी म्हटले, मग ही चार पिल्ले?
म्हणाल्या, असतील कुणाचीतरी. याची नव्हेत.
सूनबाई बाकावर तोंडाला रुमाल लावून बसली होती. खांदे हलत होते. परतताना म्हणाली, बाबा, आता गोदाम रद्द. राहू दे त्याला आईंच्या खुर्चीत.
वर्षभर इतका तृप्त दिसला! एका शब्दाने तक्रार नाही. याला म्हणतात धीरोदात्त.

१० फेब्रुवारी
मनीला मीच दवाखान्यात नेले. शिंपीणबाईंना मशीन सोडून येता येईना. फॉर्मवर पालक म्हणून सही माझी. तत्त्वतः माझा विरोध कायम आहे, हे डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, इथं तारीख घाला. घातली. तत्त्व आपल्या जागी. पण पाचवी खेप कुणाच्या बुटात ठेवायची? दुसरा बूट मला लागतो.
चारही पिल्ले अजून इथेच. सरदार खुर्चीत.
'रणगाजी'ला यमक सापडले: 'राजी'. ओळ वहीत घेतलेली नाही.